जेथ्रो टल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि एका जुन्या चाहत्याची उत्तरं

जेथ्रो टल हा ब्रिटिश रॉक बँड ऐकतो म्हटलं की ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. ती निःपक्षपाती नाहीत. बँडच्या चाहत्यांमध्येही यातल्या निम्म्या मुद्द्यांवरून भांडणं होतात, आणि मी त्या भांडणांत एका बाजूला उभा आहे.

जेथ्रो टल म्हणजे तो बासरीवाला ना?

नाही. बासरी वाजवणारा, गाणारा आणि जवळपास सगळी गाणी लिहिणारा माणूस म्हणजे इयन अँडरसन. खरा जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. १७०१ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र तयार केलं, म्हणून शेतीच्या इतिहासात त्याचं नाव आहे. (पाभर बघितलेल्या माणसाला यात एवढं काय, असं वाटलं तर ते रास्त आहे.)

सुरुवातीला बँडचं काही खरं नव्हतं. त्याच क्लबात पुन्हा बोलावणं यावं म्हणून पोरं नाव बदलून जात. एजंटच्या ऑफिसातल्या इतिहासाच्या शौकिनाने सुचवलेलं हे नाव लागलेलं असताना नेमकं लंडनच्या मार्की क्लबने त्यांना परत बोलावलं, आणि नाव चिकटलं. १९६८ च्या पहिल्या रेकॉर्डवर ते ‘जेथ्रो टो’ असं चुकीचं छापून आलं होतं.

सुरुवात कुठून करू?

सगळे ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) सांगतात. मी ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ (१९७७) सांगतो.

‘अ‍ॅक्वालंग’ने सुरुवात केली की टल म्हणजे जोरकस गिटार आणि मधूनच बासरी असलेला एक रॉक बँड असा ग्रह होतो, आणि मग पुढची पाच-सहा वर्षं ते काय करत होते हे डोक्यावरून जातं. ‘साँग्ज फ्रॉम द वुड’मध्ये सगळं एका जागी मिळतं: अनेक आवाजांत बांधलेलं गाणं, मँडोलिन, चालता चालता पाय अडखळावा असा ताल, बँडचा गिटारवादक मार्टिन बारची गिटार, थट्टा, चावटपणा आणि शेतशिवार. हा अल्बम आवडला तर मागे जा, पुढे जा, कुठेही जा. नाही आवडला तर टल तुमच्यासाठी नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

‘अ‍ॅक्वालंग’ तुम्हाला आवडत नाही का?

आवडतो. फक्त लोकांना आवडतो त्या कारणांसाठी नाही.

रेडिओवर वाजतात ती ‘अ‍ॅक्वालंग’ आणि ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ ही गाणी उत्तम आहेतच. शीर्षकगीतातला बारचा गिटार सोलो मी अजूनही तोंडाने म्हणू शकतो. लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत तो सोलो वाजवत असताना शेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग करत असलेल्या लेड झेपलिन या बँडचा गिटारवादक जिमी पेज कंट्रोल रूममध्ये डोकावला आणि त्याने हात केला. बारने हात हलवून उत्तर दिलं असतं तर सोलो मोडला असता. तो नुसता हसला आणि वाजवत राहिला. हा किस्सा टलच्या चाहत्यांना पाठ असतो.

पण माझ्या लेखी या अल्बमचा जीव मोठ्या गाण्यांमध्ये दडलेल्या चिमुकल्या गाण्यांत आहे. ‘चीप डे रिटर्न’ जेमतेम सव्वा मिनिटाचं आहे. अँडरसनचे वडील ब्लॅकपूलला गंभीर आजारी होते, तो त्यांना भेटायला रेल्वेचं स्वस्तातलं जाऊन-येऊन तिकीट काढून गेला होता. गाण्यात तो प्रेस्टनच्या फलाटावर उभा आहे. दवाखान्यातली नर्स म्हाताऱ्याकडे नीट बघत असेल ना, ही काळजी त्याला आहे. तिने चहा दिला आणि वर याचीच सही मागितली, हे आठवून त्याला हसू येतं. बस, संपलं गाणं. ध्रुवपद नाही, सोलो नाही. मुलाला प्रसिद्धी मिळाली, आणि बापाच्या खाटेशी उभं असतानाही ती पाठ सोडत नाही. ही एवढी अवघडलेली गोष्ट त्याने एका गिटारवर सव्वा मिनिटात सांगितली आहे. त्याच अल्बमवरचं ‘वंडरिंग अलाउड’ही दोन मिनिटांच्या आतलं आहे. टलला ज्या गुंतागुंतीच्या रॉकमध्ये धरतात तो प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे वीस-वीस मिनिटांचं काहीतरी, असं मानणाऱ्यांना मी ही दोन गाणी आधी ऐकवतो.

टलबद्दल माझं एकूण म्हणणंही तेच आहे. हा बँड मुळात एका माणसाच्या ध्वनिक गिटारवर उभा आहे. बाकी सगळा डोलारा त्याच्या भोवती.

‘अ‍ॅक्वालंग’ हा कॉन्सेप्ट अल्बम आहे की नाही?

कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे सगळी गाणी एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम. अँडरसन पन्नास वर्षांहून अधिक काळ नाही म्हणतो आहे. दोन-तीन गाणी रस्त्यावर राहणाऱ्यांवर आहेत. त्याची तेव्हाची पत्नी जेनी हिने टेम्सच्या काठी बेघर लोकांचे फोटो काढले होते, त्यावरून शीर्षकगीत सुचलं आणि त्याच्या शब्दांत तिचाही हात आहे. दुसऱ्या बाजूची काही गाणी संघटित धर्मावर चिडलेली आहेत. बाकीची गाणी आपापली आहेत. म्हणजे नाही.

मग ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’?

तो आहे, आणि मुद्दाम आहे. समीक्षकांनी ‘अ‍ॅक्वालंग’ला कॉन्सेप्ट अल्बम म्हटल्यावर अँडरसनने ठरवलं की यांना आता कॉन्सेप्ट अल्बमांची आजीच दाखवावी. १९७२ साली आला तो एकच गाण्याचा अल्बम: सुमारे त्रेचाळीस मिनिटं, तबकडीची बाजू पलटावी लागते म्हणून मध्ये तुटलेला. शब्द जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने लिहिल्याचं वेष्टनावर जाहीर केलं. असा मुलगा कधीच नव्हता. तरी बऱ्याच लोकांनी ते खरं मानलं.

वेष्टन म्हणजे ‘सेंट क्लीव्ह क्रॉनिकल’ नावाचं बारा पानी गावठी वर्तमानपत्र. जेराल्डचं बक्षीस कसं काढून घेतलं याची बातमी, गावच्या भानगडी, शब्दकोडं, ठिपके जोडा, आणि आतल्या पानावर खुद्द याच अल्बमचं परीक्षण. संगीतापेक्षा या वर्तमानपत्राला जास्त वेळ लागला, असं बँडचेच लोक सांगतात. सीडीच्या पुस्तिकेत ते वाचायला भिंग लागतं, आणि स्ट्रीमिंगवर तर ते नाहीच. अर्धा विनोद तिथेच गेला.

थट्टा म्हणून सुरू झालेला हा अल्बम संगीत म्हणून मात्र अजिबात थट्टेचा नाही. सुरुवातीची तीन मिनिटं, म्हणजे ध्वनिक गिटार, वर बासरी आणि पोराटोरांवर तोंडसुख घेणारा आवाज, यांच्यापेक्षा चांगलं अँडरसनने फार थोडं लिहिलंय. बॅरिमोर बार्लो या नव्या ढोलकऱ्याचा हा पहिला अल्बम. तो आल्यावर बँडचा ताल एकदम अवघड आणि तरीही हलका झाला. अमेरिकेत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. टीका करणाऱ्यांची टर उडवायला केलेली गोष्ट इतकी खपावी, हाही एक विनोदच.

माझी एकच तक्रार आहे. दुसऱ्या बाजूला काही मिनिटं बँड नुसता रेंगाळतो. कट्टर चाहत्यांसमोर हे बोलू नका.

‘अ पॅशन प्ले’ खरंच एवढा वाईट आहे का?

वाईट नाही. दमवणारा आहे.

१९७३ च्या या अल्बमसाठी बँड आधी फ्रान्समधल्या एरूव्हीलच्या शातोमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यात, रेकॉर्डिंगला गेला. तिथे कशातच काही जमेना. आजारपण, बिघडणारी यंत्रं. शेवटी सगळं टाकून ते लंडनला परतले आणि नव्याने लिहायला बसले. (टाकलेलं संगीत बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झालं. त्यातला काही भाग मूळ अल्बमपेक्षा मोकळा वाटतो.) घाईत तयार झालेल्या नव्या अल्बमात मेलेल्या माणसाचा परलोकातला प्रवास आहे, अँडरसनच्या हातात सॅक्सोफोन आहे, आणि मधोमध चष्मा हरवलेल्या सशाची एक बालकथा आहे. ती कथा एक तर तुम्हाला गंमतीची वाटते, नाही तर तुम्ही उठून चहा टाकायला जाता. मी चहा टाकतो.

ब्रिटिश समीक्षकांनी अल्बम झोडपून काढला. बँडने वैतागून कार्यक्रम सोडल्याची बातमीही छापून आली; ती व्यवस्थापनाची प्रसिद्धीची युक्ती होती. अमेरिकेत हाही पहिल्या क्रमांकावर गेला.

सॅक्सोफोनच्या जागी बासरी असती तर माझं मत बरंच बदललं असतं. आणि शब्द! अँडरसनला कोटी करण्याची हौस आहे, इथे ती सुटली आहे. ओळीओळीत तीन-तीन अर्थ, आणि एकाही अर्थाला जीव नाही. प्रेस्टनच्या फलाटावर उभा असलेला माणूस इथे सापडत नाही.

मग तुमच्या मते सर्वांत चांगला अल्बम कोणता?

‘हेवी हॉर्सेस’ (१९७८). यावर माझ्याशी वाद घालायला येणारे बहुतेक ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ घेऊन येतात, काही ‘मिन्स्ट्रेल इन द गॅलरी’ (१९७५) घेऊन येतात. दुसऱ्या गटाबद्दल मला आदर आहे.

‘साँग्ज फ्रॉम द वुड’, ‘हेवी हॉर्सेस’ आणि ‘स्टॉर्मवॉच’ (१९७९) हे तिन्ही अल्बम एकत्र धरले जातात, कारण तिन्हींत इंग्लंड-स्कॉटलंडचं ग्रामीण लोकसंगीत रॉकमध्ये मिसळलं आहे. अँडरसनने याआधी १९७४ मध्ये स्टीलाय स्पॅन या लोकसंगीताच्या बँडचा एक अल्बम निर्माता म्हणून केला होता. स्वतः तो शहर सोडून शेतावर राहायला गेला होता. पुढे त्याने स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर जमीन घेतली आणि सामन माशांची शेतीही केली. म्हणजे हे शहरात बसून केलेलं गावाचं कौतुक नव्हतं.

‘साँग्ज फ्रॉम द वुड’ हा सणाचा अल्बम आहे. झाडं, हिरवा देव, वर्षातला सगळ्यात लहान दिवस, रानातल्या भेटीगाठी. मागच्या कव्हरवर झाडाचा कापलेला बुंधाच ग्रामोफोनची तबकडी झालेला आहे. ‘जॅक-इन-द-ग्रीन’मधली सगळी वाद्यं अँडरसनने एकट्याने वाजवली.

‘हेवी हॉर्सेस’ मध्ये सण संपून काम सुरू होतं. इथल्या प्राण्यांना देवत्व नाही, त्यांना नेमून दिलेली कामं आहेत. पहिलंच गाणं उंदरांवर पहाऱ्याला असलेल्या मांजरावर आहे, आणि तालसुद्धा दबकत चालतो. ‘वन ब्राऊन माऊस’मध्ये कवी रॉबर्ट बर्न्सच्या उंदरावरच्या कवितेची आठवण आहे. ‘मॉथ्स’मध्ये दिव्यावर झेपावणारे पतंग. आणि सुमारे नऊ मिनिटांचं शीर्षकगीत नांगर ओढणाऱ्या अवजड घोड्यांवर: शायर, क्लाइड्सडेल, सफक, पर्शेरॉन अशी जातींची नावं घेत, ट्रॅक्टरने ज्यांचं काम काढून घेतलं त्यांच्यावर. अल्बमच ब्रिटनमधल्या कष्टकरी घोड्यांना अर्पण केला आहे.

हे गाणं नीट ऐका. सुरुवात पियानो आणि आवाजाने, जवळजवळ भजनासारखी संथ. मध्यावर ताल बदलतो, पाहुणा म्हणून आलेल्या डॅरिल वेचं व्हायोलिन वर येतं, आणि एकाएकी गाणं दुडक्या चालीने धावायला लागतं. मग पुन्हा संथ. जनावर आधी उभं दिसतं, मग धावताना दिसतं, आणि मग ते आता नाही हे लक्षात येतं. हे सगळं शब्दांनी सांगण्याआधी बार्लोच्या ढोलांनी सांगितलेलं असतं. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले लय बदलतात ती पुष्कळदा आपल्याला येते हे दाखवायला. इथे लय घोड्यामुळे बदलते.

आणि ‘स्टॉर्मवॉच’?

उदास अल्बम. उत्तर समुद्रातलं तेल, येऊ घातलेली थंडी, अंधारयुग. बास वाजवणारा जॉन ग्लासकॉक हृदयाच्या आजाराने खचला होता. बऱ्याच गाण्यांत बास अँडरसननेच वाजवला. नोव्हेंबर १९७९ मध्ये ग्लासकॉक गेला. वय २८. अखेरची ‘एलेजी’ बँडमधल्या डी पामर यांची रचना आहे, शब्द नसलेली. ते कळल्यावर हा अल्बम पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

बासरीबद्दल सांगा. आपल्या बासरीसारखी आहे का?

आडवी धरतात, इथवरच. आपल्या बांबूच्या बासरीत भोकं बोटांच्या पेरांनी झाकतात, बोट हळूहळू सरकवून मींड काढता येते. अँडरसनच्या हातात धातूची पाश्चात्त्य बासरी आहे, किल्ल्या दाबून वाजणारी. तिच्यातून तशी मींड निघत नाही. मग तो भरपाई श्वासाने करतो. फुंकता फुंकता गुणगुणतो, जीभ थरथरवतो, सूर फाटेपर्यंत हवा कोंबतो, मधेच खाकरतो, गुरगुरतो. गुणगुणण्याची युक्ती अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्कची. टलच्या पहिल्या अल्बमवर (‘धिस वॉज’, १९६८) कर्कची एक रचनाही आहे.

तो मुळात गिटारवादक. एरिक क्लॅप्टनसारखे लोक असताना आपला निभाव लागणार नाही हे ओळखून त्याने १९६७ मध्ये इलेक्ट्रिक गिटार देऊन बासरी आणि माइक घेतला. शिकवायला कोणी नाही. नव्वदीत मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली तेव्हा आपली बोटं इतकी वर्षं चुकीची पडत होती हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिकला. फरक ऐकायचा असेल तर ‘स्टँड अप’ (१९६९) मधलं बाखवर आधारलेलं ‘बूरे’ आणि नंतर ‘रूट्स टू ब्रँचेस’ (१९९५) लागोपाठ ऐका. दुसऱ्यात सूर स्वच्छ आहेत. मला पहिल्यातली गुरगुर जास्त आवडते.

एका पायावर उभं राहण्याबद्दलही विचारतात. तो सांगतो की तो आधी माउथ ऑर्गन वाजवताना तसा उभा राहायचा, वर्तमानपत्रवाल्यांनी बासरी लिहिलं, मग बासरीसह ते शिकणं भाग पडलं.

मेटॅलिकाचं ग्रॅमी यांनीच पळवलं ना?

हो. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच ग्रॅमी ठेवलं गेलं, आणि ते ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ला (१९८७) मिळालं. मेटॅलिका हा हेवी मेटल बँड त्या रात्री मंचावर वाजवून गेला होता. टलवाले तर आलेच नव्हते. जिंकण्याची शक्यता नाही म्हणून रेकॉर्ड कंपनीनेच जाऊ नका म्हटलं होतं. नंतर कंपनीने बासरी हे धातूचंच अवजड वाद्य आहे अशी जाहिरात दिली. पुढच्या वर्षीपासून हार्ड रॉक आणि मेटल असे दोन वेगळे पुरस्कार झाले. १९९२ मध्ये मेटॅलिकाने ग्रॅमी घेताना, यंदा अल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार मानले. प्रत्यक्षात टलचा ‘कॅटफिश रायझिंग’ १९९१ मध्येच आला होता. कोणाच्या लक्षात आला नाही, आणि खरं सांगायचं तर यायचं कारणही नव्हतं.

‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ मेटल नाही. पण ‘बुडापेस्ट’ साठी तो ठेवण्यासारखा आहे.

कोणते अल्बम सोडले तरी चालतील?

‘अंडर रॅप्स’ (१९८४). ढोलांचं यंत्र, सिंथेसायझर, आणि इतक्या वरच्या पट्टीत लिहिलेली गाणी की त्या दौऱ्यात अँडरसनचा गळा कायमचा बिघडला. मार्टिन बारला हा अल्बम आवडतो; का, हे मला कळलेलं नाही. ‘टू ओल्ड टू रॉक अँड रोल’ (१९७६) चं शीर्षकगीत ठेवा, बाकी द्या सोडून. ‘वॉर चाइल्ड’ (१९७४) मध्ये ‘स्केटिंग अवे’ आहे, म्हणून तो वाचतो. ‘बेनिफिट’ (१९७०) ला उगाच कमी लेखतात. ‘ए’ (१९८०) हा खरं तर अँडरसनचा एकट्याचा अल्बम व्हायचा होता, टेपच्या खोक्यांवर नुसतं ‘ए’ लिहिलेलं होतं. कंपनीने त्यावर टलचं नाव घातलं आणि जुन्या बँडमधले बहुतेक जण बाहेर पडले. हे मी अजून माफ केलेलं नाही.

भारताशी काही नातं?

आहे, आणि थोडंथोडकं नाही. आपल्याकडे टलचे चाहते पूर्वीपासून. ‘रूट्स टू ब्रँचेस’ मध्ये भारतीय आणि अरबी सुरांची छाया आहे. नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस मुंबईत अनुष्का शंकर आणि टल यांचा कार्यक्रम ठरला होता. २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला आणि तो पुढे ढकलला गेला. मग ५ डिसेंबरला हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी तो मुंबईतच झाला, ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने. परदेशी पाहुणे दौरे रद्द करत असताना हे लोक येऊन वाजवून गेले.

मार्टिन बारशिवायचं टल हे टल आहे का?

माझ्या लेखी नाही. बार १९६८ च्या अखेरीस आला आणि चाळीसहून जास्त वर्षं राहिला. ‘द झीलट जीन’ (२०२२), ‘रॉकफ्लोटे’ (२०२३) आणि ‘क्युरियस रूमिनंट’ (२०२५) हे अँडरसनचे अल्बम आहेत, नाव टलचं. गिटार वाजवणारे कच्चे नाहीत, पण अँडरसनशी वाजवता वाजवता भांडणारं त्यांत कोणी नाही. अँडरसनला फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, आवाजाचा पल्ला आखूड झाला आहे. मजा ही की त्यामुळे तो पुन्हा मधल्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. ‘क्युरियस रूमिनंट’ मध्ये ते शोभतं.

जुनी आवृत्ती घ्यावी की नवं मिक्सिंग?

‘अ‍ॅक्वालंग’पुरतं तरी संगीतकार स्टीव्हन विल्सनने २०११ मध्ये नव्याने केलेलं मिक्सिंगच ऐका. मूळ ध्वनिमुद्रण घोंगडी पांघरल्यासारखं होतं, आणि बँडलाही ते कधी पसंत नव्हतं. विल्सनच्या मिक्समध्ये जॉन एव्हनचा पियानो पहिल्यांदा नीट ऐकू येतो. ‘स्टँड अप’ मात्र मी जुनाच ऐकतो, आणि मिळाली तर जुनी तबकडीच घेतो. वेष्टन उघडलं की आत बँडची कागदी चित्रं उभी राहतात. फक्त दुकानदाराला विचारून एकदा उघडून बघा, बहुतेक प्रतींत ती फाटलेली असतात.